सव्वा महिना ते सहा महिने : ग्रामीण बाळंतिणीचा दिनक्रम आणि विश्रांतीचा प्रश्न
(विशेष संदर्भ : पुसेगाव परिसर, ता. सेनगाव, जि. हिंगोली)

प्रस्तावना :

‘बाळंतपण’ हा मराठीतील व्यापक अर्थाचा शब्द आहे. प्रसूती, त्यानंतरची विश्रांती, बाळंतिणीचा आहार, शेक-धुरी, पाचवी, बारसे आणि अखेरीस ओटी भरून सासरी पाठवणी हे सारे त्यात सामावते. ‘बाळंतपण करणे’ या शब्दप्रयोगातील कर्ता मात्र बाळंतीण नसते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. आई लेकीचे बाळंतपण करते, सासू सुनेचे करते, क्वचित जाऊ जावेचे करते. तान्ह्या बाळाच्या आईला दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमाचा आधार लागतो, हे भाषेनेच अशा रीतीने मान्य केले आहे.

हा आधार किती दिवस मिळतो आणि किती दिवस मिळावयास हवा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परंपरेने बाळंतिणीला सव्वा महिन्याची विश्रांती दिली. आधुनिक वैद्यकशास्त्र बाळाला सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे असे सांगते. या दोन मुदतींमध्ये सुमारे पावणेपाच महिन्यांचे अंतर आहे. शेतीवर व मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबातील नवमातेचे खरे हाल याच अंतरात होतात. परंतु परंपरा, कायदा आणि शासकीय योजना या तिन्हींचे लक्ष नेमके येथेच कमी पडते.

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, तूर, कापूस, ज्वारी, हरभरा ही जिल्ह्यातील प्रमुख पिके असून हळदीसाठीही हा जिल्हा प्रसिद्ध आहे. या सर्व पिकांत खुरपणी, सोंगणी, वेचणी अशी वाकून करावयाची कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येतात. त्यामुळे नवमातेच्या दैनंदिन जीवनाचा विचार पिकांच्या हंगामापासून वेगळा करता येत नाही.

लेखाची उद्दिष्टे :

१. सव्वा महिन्याच्या पारंपरिक व्यवस्थेचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
२. केवळ स्तनपानाचा सहा महिन्यांचा काळ आणि आईला उपलब्ध असणारा वेळ यांचा संबंध उलगडणे.
३. प्रसूतीविषयक कायदे व योजना यांतून शेतमजूर स्त्रीला प्रत्यक्षात काय मिळते याची मांडणी करणे.

सव्वा महिन्याची व्यवस्था :

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्राच्या बहुतेक भागांप्रमाणे मराठवाड्यातही रूढ आहे. बाळंतिणीसाठी घरातील एक कोपरा किंवा खोली वेगळी केली जाते. तिला बाजेवर निजविणे, अंगाला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, ओवा व वावडिंग यांची धुरी देणे, कान बांधून ठेवणे हा नित्यक्रम असतो. आहारात डिंकाचे व मेथीचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे, बाळंतशोपा आणि ताज्या भाकरीबरोबर लसणाची फोडणी दिलेल्या भाज्या असतात. पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाते. सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते ही त्यामागील श्रद्धा होय. बाराव्या दिवशी बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात आणि बाळ पाळण्यात पडते.

या व्यवस्थेतील बाळाचा दिवस आजीच्या हाताने सुरू होतो. पाय लांब करून त्यावर बाळाला आडवे घेणे, तेलाने चोळणे, अंघोळ घालणे, धुरी दाखविणे, दुपट्यात घट्ट गुंडाळणे, तीट लावणे आणि मग पाजण्यासाठी आईच्या मांडीवर देणे असा तो क्रम असतो. बाळाचे लंगोट व दुपटी धुणे, रात्री रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरणे ही कामेही मुख्यत्वे आजी, मावशी वा आत्या करतात. बाळंतिणीकडे दोनच कामे उरतात : बाळाला पाजणे आणि स्वत: झोपणे.

या चालीरीतींपैकी काही आज टाकून देणे आवश्यक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. ते पिळून टाकण्याची पद्धत बाळाला रोगप्रतिकारक घटकांपासून वंचित ठेवते. जन्मल्याबरोबर मध किंवा साखरपाणी चाटविणे, सहाणेवर उगाळलेली बाळगुटी रोज देणे यातून जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. लहान अर्भकाला मध देणे तर विशेष धोक्याचे असते. बंद खोलीतील धूर आई व बाळ या दोघांच्याही श्वसनास अपायकारक असतो. बाळंतिणीला पाणी कमी देण्याचा समजही चुकीचा आहे.

तथापि, या चालीरीतींच्या पोटात एक मौल्यवान गोष्ट होती आणि ती म्हणजे आईला दिलेला मोकळा वेळ. हा वेळ तिला कसा मिळाला हेही समजून घेतले पाहिजे. बाळंतिणीला सुवेर असते, म्हणून तिने चुलीला, पाण्याला व देवाला शिवू नये, असा दंडक होता. तिची विश्रांती ही तिच्या श्रमाच्या सन्मानातून नव्हे, तर विटाळाच्या कल्पनेतून आलेली होती. विटाळाची कल्पना शिथिल होणे सर्वस्वी इष्टच आहे. मात्र ती शिथिल होताना तिच्या आधाराने उभी असलेली विश्रांतीही ढासळते आणि तिच्या जागी दुसरा आधार उभा राहत नाही. ‘आता कोण विटाळ पाळतो’ असे म्हणून बाळंतिणीला पंधराव्या दिवशी चुलीपुढे बसविले जाते, तेव्हा सुधारणेचा लाभ तिला न होता घराला होतो.

शिवाय ही विश्रांती फुकट मिळत नाही. लेकीचे बाळंतपण करणारी आई स्वत: मजुरी करणारी असेल तर तेवढे दिवस तिची मजुरी बुडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेरी जाणे घडतेच असे नाही. घरात म्हातारे माणूस नसेल, नवरा-बायको ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीसाठी स्थलांतर करीत असतील तर सव्वा महिना हा शब्द केवळ नावापुरता उरतो. सारांश, ही व्यवस्था चांगल्या स्थितीतील कुटुंबांत जशी पूर्णपणे लागू पडत असे, तशी ती कष्टकरी कुटुंबांत कधीच लागू नव्हती.

चाळिसाव्या दिवसानंतर :

सव्वा महिना हीच मुदत का, याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते. प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास साधारणत: सहा आठवडे लागतात. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातही सूतिकेला दीड महिन्यानंतर आहार-विहाराच्या विशेष नियमांतून मुक्त केलेले आहे. लोकरूढी, आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचे या बाबतीत बहुतांशी एकमत दिसते.

महाराष्ट्राने नवजात अर्भकांच्या आरोग्याबाबत देशाला एक महत्त्वाची देणगी दिली आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. पुढे २०११ मध्ये या कार्यपद्धतीवर आधारित कार्यक्रम देशपातळीवर स्वीकारण्यात आला. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. बाळाचे वजन व तापमान पाहणे, नाळेची स्थिती तपासणे, आईला पाजण्याची योग्य पद्धत दाखविणे ही कामे ती करते.

येथे एक योगायोग दिसतो. आशाची अखेरची नियोजित भेट ४२ व्या दिवशी होते आणि सव्वा महिनाही त्याच सुमारास संपतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पुढील टप्प्याच्या कार्यक्रमात गृहभेटींची सुरुवात तिसऱ्या महिन्यापासून होते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लसीकरणासाठी आई बाळाला घेऊन लसीकरण सत्रास येते. परंतु त्या वेळी चर्चा बाळाच्या लसींची होते, आईच्या दिवसाची होत नाही. आजी आणि आशा अशा दोन्ही बाजूंचे लक्ष एकाच आठवड्यात कमी होते आणि आई एकटी पडते. सव्वा महिना हा गर्भाशयाचा हिशोब आहे. सहा महिने हा बाळाच्या पोटाचा हिशोब आहे. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर असले तरी त्यांच्यामधील दिवसांचा वाली कोणी नाही.

स्तनपान आणि वेळेचा हिशोब :

२००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस स्वीकारली. त्यापूर्वी चार ते सहा महिने अशी मुदत सांगितली जात असे. भारतातही १९९२ च्या अर्भक दुग्धपर्यायविषयक अधिनियमात २००३ मध्ये दुरुस्ती करून सहा महिन्यांचा निकष स्वीकारण्यात आला. केवळ स्तनपान म्हणजे या काळात बाळाला पाणी, गुटी, गाईचे दूध वा अन्य काहीही न देणे. वैद्यकीय सल्ल्याने दिलेली औषधे त्याला अपवाद आहेत.

ही शिफारस शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद असली तरी ती अमलात आणण्यासाठी लागणाऱ्या वेळेचा विचार सहसा केला जात नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. एका वेळेस वीस ते तीस मिनिटे धरली तर केवळ पाजण्यात सुमारे पावणेतीन ते सहा तास जातात. ढेकर काढणे, कपडे बदलणे, झोपविणे यांचा वेळ वेगळा. हे तास सलग नसून दर दोन-तीन तासांनी, दिवसा व रात्रीही, तुकड्यातुकड्यांनी द्यावे लागतात. त्यामुळे आईची झोपही तुकड्यांचीच होते.

दूध तयार होण्याची क्रिया मागणीनुसार पुरवठा या तत्त्वावर चालते. बाळ ओढते तेव्हा प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते व ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. पाजण्यात दीर्घ खंड पडला, दूध साचून राहिले तर शरीर हळूहळू निर्मिती कमी करते. काळजी, वेदना व अतिश्रम यांचाही दूध वाहण्याच्या क्रियेवर परिणाम होतो. खेड्यांतून ‘दूध पुरत नाही’, ‘दूध आटले’ अशी तक्रार बाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वारंवार ऐकू येते, तेव्हा दोष बाईच्या अंगाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा क्रम उलटा असतो. आई आठ तास बाळापासून दूर राहते म्हणून दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून वरचे दूध सुरू होते. बाळाचे पोट वरच्या दुधाने भरल्यामुळे ते अंगावर कमी ओढते आणि दूध आणखी घटते. पाणी घातलेले दूध व नीट न उकळलेली बाटली यांतून हगवण लागते. थोडक्यात, ‘दूध पुरत नाही’ याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘वेळ पुरत नाही’ असा असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या, ही प्रगती मोठी आहे. त्याच सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील ७१ टक्के बालके केवळ स्तनपानावर होती, तर पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. खुजेपणाची कारणे अनेक आहेत. तथापि रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेली व्यवस्था घराच्या उंबरठ्याच्या आत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही, हे या आकड्यांवरून सूचित होते.

हंगामातील एक दिवस :

या अंतराचा प्रत्यक्ष अर्थ समजण्यासाठी पंचांग व पीक यांची सांगड घालून पाहावी. पोळ्याच्या दिवशी, म्हणजे श्रावण अमावस्येला जन्मलेल्या बाळाला चाळीस दिवस पूर्ण होतात तेव्हा दसरा आलेला असतो. सोयाबीन सोंगणीची घाई त्याच सुमाराची. शेंगा वाळल्या की त्या तडकून दाणे सांडतात, परतीच्या पावसाची धास्ती असते, म्हणून आठ-पंधरा दिवसांत सारे शिवार मोकळे करावे लागते. संक्रांतीला जन्मलेल्या बाळाचा सव्वा महिना फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भरतो आणि तेव्हा हळद काढणीचे दिवस सुरू असतात. हंगाम बाळासाठी थांबत नाही.

अशा दिवसांतील शेतमजूर मातेचा दिनक्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. पहाटे बाळाला पाजून ती उठते. पाणी भरणे, झाडलोट, भाकरी-कोरड्यास, मोठ्या मुलांची तयारी ही कामे आठ-नऊ वाजेपर्यंत उरकते. मध्ये बाळ दोन वेळा पिते. त्यानंतर शेतावर जावयाचे. सोंगणी बहुधा गुत्त्याने, म्हणजे एकरी ठरविलेल्या रकमेवर, स्त्रियांच्या टोळीने केली जाते. टोळीतील एक बाई वारंवार उठून गेली तर तिच्या वाट्याचे काम इतरांवर पडते. हा संकोच मुकादमाच्या धाकापेक्षाही अधिक बोचतो. सायंकाळी घरी परतल्यावर छातीतील दूध साचून दुखत असते, बाळ रडून थकलेले असते, आणि चूल वाट पाहत असते.

तिच्यापुढे तीन पर्याय असतात. पहिला, बाळाला शेतात नेऊन लिंबाच्या वा बाभळीच्या फांदीला झोळी बांधणे. यात पाजणे शक्य होते. पण ऊन, किडे आणि फवारणीची औषधे यांपासून संरक्षण नसते. दुसरा, बाळाला घरी ठेवणे. यात वरच्या दुधाचा प्रश्न येतो. शिवाय आजी नसेल तर बाळाची थोरली बहीण शाळा बुडवून घरी राहते. तिसरा, कामावर न जाणे. हा पर्याय बाळासाठी सर्वोत्तम असतो. पण वर्षातील सर्वाधिक मजुरीचे दिवस त्यात हातचे जातात. म्हणजे या अंतराची किंमत बाळाचे आरोग्य, थोरल्या मुलीचे शिक्षण किंवा घराचे उत्पन्न यांपैकी कोणत्या तरी एका रूपात मोजावीच लागते.

घरकामाची वाटणी या ताणात भर घालते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. पाजणे हे काम आईशिवाय कोणी करू शकत नाही, हे खरे. परंतु पाणी भरणे, लंगोट धुणे, भाकरी थापणे यांबाबत निसर्गाने असा कोणताही नियम केलेला नाही.

आईचे मन :

या काळातील मानसिक ताण हा आणखी एक दुर्लक्षित विषय होय. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांचा केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. आर्थिक विवंचना, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा नैराश्याशी संबंध दिसून आला. सहा ते आठ आठवडे म्हणजे पुन्हा सव्वा महिना संपल्यानंतरचाच काळ. अशा आईला घरात ‘आळशी’, ‘चिडकी’, ‘बाळावर माया नसलेली’ अशी विशेषणे मिळतात. सतत रडू येणे, झोप न लागणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत, ही माहिती आरोग्यसेविकेइतकीच सासू व पती यांनाही असणे आवश्यक आहे.

कायद्याची वाटचाल :

प्रसूतीनंतरची विश्रांती हा घरगुती प्रश्न नसून सार्वजनिक प्रश्न आहे, ही भूमिका महाराष्ट्रात जुनी आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असल्याचे प्रतिपादन केले होते. हा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलावा; तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्याचा वाटा उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्यातून मुंबई प्रसूती लाभ अधिनियम, १९२९ अस्तित्वात आला.

हा कायदा कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथे तो लागूही नव्हता. स्वातंत्र्यानंतर प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ संमत झाला. त्याने बारा आठवड्यांची पगारी रजा तसेच कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा विराम यांची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची झाली. केवळ स्तनपानाचे सहा महिने आणि ही रजा यांचा मेळ बसतो. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या तरतुदींचा समावेश करण्यात आला.

याचा अर्थ असा की, संघटित क्षेत्रातील मातेपुरता कायद्याने सव्वा महिना आणि सहा महिने यांतील प्रश्न सोडविलेला आहे. महाविद्यालयातील प्राध्यापिकेला १८० दिवसांची पगारी रजा मिळते, कारण बाळाला तेवढे दिवस आईची गरज असते हे राज्याने मान्य केले आहे. त्याच महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे सोयाबीन सोंगणाऱ्या स्त्रीच्या बाळाची गरज वेगळी नाही. तिला मात्र पगारी रजेचा एकही दिवस नाही, कारण तिचा मालक हंगामागणिक, कधी दिवसागणिक बदलतो.

योजना आणि त्यांच्या मर्यादा :

असंघटित क्षेत्रातील मातांसाठी शासनाने रोख साहाय्याचा मार्ग स्वीकारला आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पात्र मातेला ७०० रुपये देय आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने प्रसूती लाभ ६,००० रुपयांपेक्षा कमी नसावा असे म्हटले. २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद झाली.

या रकमेचे मोल विश्रांतीच्या दिवसांत मोजून पाहता येईल. २०२४-२५ या वर्षी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने ५,००० रुपये म्हणजे सुमारे १७ दिवसांची मजुरी होते. सहा महिन्यांपैकी १७ दिवस आई या रकमेवर घरी राहू शकते. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर तेवढेही दिवस मिळत नाहीत. जणू दुसऱ्या बाळाला आईची गरज त्याच्या लिंगावर ठरते. तामिळनाडू राज्यात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी प्रसूती साहाय्य योजना १९८७ पासून राबविली जाते. २०१८ पासून तिच्या लाभाचे एकूण मूल्य १८,००० रुपये करण्यात आले. राज्ये आपल्या निधीतून भर घालू शकतात हे त्यावरून स्पष्ट होते.

आहाराबाबत अंगणवाडीचे कार्य महत्त्वाचे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून स्तनदा मातेला प्रसूतीनंतर सहा महिने घरी नेण्याचा आहार मिळतो. त्यातून ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. स्तनपान देणाऱ्या आईची वाढीव उष्मांकाची गरजही जवळपास तेवढीच, म्हणजे ६०० कॅलरी असते. परंतु घरी आलेले पाकीट साऱ्या घराचे होते आणि आईच्या ताटात त्याचा थोडाच भाग येतो.

पाळणाघराच्या बाबतीतही हेच अंतर दिसते. केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांची सोय अपेक्षित आहे. सहा महिन्यांखालील बाळाला मुळात पाळणाघराची नव्हे, तर आईची गरज असते, हे त्यामागील गृहीतक योग्यच आहे. मात्र त्या सहा महिन्यांत आईला कामावर जावेच लागू नये याची व्यवस्था केल्याशिवाय ते गृहीतक अपुरे राहते.

महाविद्यालयांशी संबंध :

हा प्रश्न उच्च शिक्षणापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थिनी पदवी पूर्ण होण्यापूर्वीच विवाहित होतात आणि त्यांतील काही परीक्षेच्या काळात तान्ह्या बाळाच्या आई असतात. प्रश्नपत्रिका तीन तासांची असते आणि बाळ दोन-तीन तासांनी पिते. व्हरांड्यात आजीच्या मांडीवर रडणारे बाळ आणि वर्गात उत्तरपत्रिका लिहिणारी आई हे दृश्य परीक्षा केंद्रांना नवे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजेची तरतूद केली आहे. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही उपस्थितीत सवलत द्यावी असे आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व संस्थांना कळविले आहे. त्याची अंमलबजावणी ही प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील गोष्ट आहे.

एस.टी. स्थानके व शासकीय कार्यालये यांतील स्तनपानाच्या खोलीला महाराष्ट्रात ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. रायगडावर दूध घालण्यास गेलेली हिरकणी कोजागिरीच्या रात्री कडा उतरून बाळाकडे परतली, ही कथा मातृप्रेमाचे प्रतीक म्हणून सांगितली जाते. या कथेकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. हिरकणी ही कामावर गेलेली, अंगावर पिणाऱ्या बाळाची आई होती आणि गडाचे दरवाजे बंद होण्याची वेळ बाळाच्या भुकेच्या वेळेशी जुळत नव्हती. दरवाजाचा नियम कोणालाही बदलता आला नाही, म्हणून तिला कडा उतरावा लागला. आजही कामाच्या वेळा, परीक्षेच्या वेळा व हंगामाच्या वेळा ठरविताना बाळाची वेळ धरली जात नाही आणि आईच्या धाडसाचे कौतुक करून विषय संपविला जातो.

समारोप :

नवमातेच्या दैनंदिन जीवनात सर्वाधिक दुर्मीळ वस्तू औषध वा आहार ही नसून वेळ ही आहे. चीक पाजा, मागेल तेव्हा पाजा, रात्रीही पाजा, सकस खा, पुरेशी झोप घ्या, लसी चुकवू नका हा सारा सल्ला योग्य आहे. परंतु त्यातील प्रत्येक वाक्य आईकडे वेळच मागते. तो तिला कोण देणार, हे सांगितल्याविना सल्ला अपूर्ण राहतो.

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतील. पहिली, आशा कार्यकर्तीची एक अतिरिक्त गृहभेट सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान व्हावी आणि तिचा विषय आईचे पाजणे, झोप व मन:स्थिती हा असावा. दुसरी, रोख साहाय्य प्रसूतीच्या खर्चावर न मोजता बुडणाऱ्या मजुरीच्या दिवसांवर मोजले जावे आणि ते अपत्याचा क्रम वा लिंग यांवर अवलंबून नसावे. तिसरी, हंगामाच्या दिवसांत स्वयंसाहाय्य गटांनी गावातच, शेतालगत सावलीची जागा व एक जबाबदार बाई यांची सोय करावी. तेथे आईला दर दोन-तीन तासांनी येता यावे आणि गुत्त्याच्या हिशोबात तो वेळ धरला जावा. चौथी, महाविद्यालयांनी हिरकणी कक्ष व परीक्षा काळात पाजण्यासाठी विराम यांची तरतूद करावी. तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून तान्ह्या बाळांच्या मातांच्या दिवसाची तासवार नोंद घेण्याचे काम हाती घ्यावे. पुसेगावसारख्या गावातील नवमातेचा दिवस कसा जातो याची अशी नोंद हाती आल्यास पुढील अभ्यासास व स्थानिक नियोजनास भक्कम आधार मिळेल.

सव्वा महिन्याची प्रथा निर्माण करणाऱ्या समाजाला बाळंतिणीची विश्रांती ही इतरांची जबाबदारी आहे हे ठाऊक होते. तीमधील विटाळ वगळून ती जबाबदारी सहा महिन्यांपर्यंत नेणे आणि ती घरातील एकट्या आजीवर न टाकता पती, गाव व शासन यांच्यात वाटून घेणे, हे आजचे कार्य होय.